आमच्याकडे की आपल्याकडे

जावयाचं म्हणणं एवढंच होतं, की आजच्या दिवस कुणी तोंड सोडायचं नाही. हे त्यानं आपल्या सासूला, माईला, सांगावं, म्हणजे बॉयलरला सांगावं की बाबा, आज वाफ जरा धरून ठेव.

जावई वकील. समोर सगळे त्याला वकीलसाहेब म्हणत. पाठीमागं माई त्याला 'तारीख' म्हणे, कारण कुठलंही काम सांगितलं की तो पुढची तारीख द्यायचा. पण आज तो सकाळीच हजर झाला होता आणि लाँड्रीच्या मधोमध, कौंटर आणि इस्त्रीच्या टेबलांमध्ये उभा राहून सगळ्यांची शाळा घेत होता.

"जेवणं उरकल्यावर नागरिकत्व कार्यालयाच्या बाई येतील. ही शेवटची पायरी. अर्ज झाला, परीक्षा झाली, आता घरभेट. त्या एवढंच बघणार की हे लग्न खरं आहे की कागदावरचं. हल्ली खोटी लग्नं फार सापडलीत, त्यामुळे त्या ताकही फुंकून पितात."

"खोटं कशाला असेल?" माईचा धाकटा मुलगा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता, आणि तो वाफेचा नव्हता. "किती वर्षं झाली आम्हाला! पोर शाळेत जातंय!"

"ते तुला माहीत. त्यांना माहीत नाही. पोरंसुद्धा कागदावरची निघालीत हल्ली."

धाकटी सून टेबलाच्या टोकाला उभी राहून शर्टांना गुंड्या लावत होती. बाहेरच्या देशातून शिकायला म्हणून आली, शिकता शिकता शिकवायला लागली, आणि कपडे धुवायला टाकायला म्हणून या दुकानात आली ती कायमचीच. कॉलेजात ती राज्यशास्त्र शिकवायची. नागरिक कोणाला म्हणावं, यावर तिनं जाडजूड पुस्तक लिहिलं होतं. आणि स्वतः मात्र अजून नागरिक नव्हती. "हलवायानं उपाशी मरावं तशातली गत," असं माई म्हणायची.

आजच्या बाई 'नाही' म्हणाल्या तर तिला देश सोडावा लागणार होता. ती गेली की तिच्यामागोमाग धाकटा जाणार होता. तसं त्यानं स्वच्छ सांगितलं होतं. माई त्यावर अवाक्षर बोलली नव्हती. पण गेले काही दिवस वरच्या मजल्यावर कपाटाचं दार वाजलं, की तिचा इस्त्रीवरचा हात जागच्या जागी थांबायचा, आणि थोरल्या सुनेला ओरडून सांगावं लागायचं, "माई, कपडा करपेल!"

"आता नीट ऐका," जावई म्हणाला. "भांडायचं नाही. आवाज चढवायचा नाही. एकमेकांशी आदरानं बोलायचं. कुणी कुणाला अरे-तुरे करायचं नाही. आदर दिसला, की घर चांगलं दिसतं."

"म्हणजे मी हिला 'अहो जाऊबाई' म्हणू?" थोरलीनं विचारलं.

"म्हणा."

"जीभ झडेल माझी."

"आजच्या दिवस झडू द्या."

थोरलीचं आणि धाकटीचं विळ्या-भोपळ्याचं सख्य सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. धाकटी गेली तर वरच्या दोन्ही खोल्या थोरलीच्या होणार होत्या. माईनं तिच्याकडे एकदा रोखून पाहिलं. थोरलीचा नवरा हॉटेलांचे गठ्ठे पोचवायला गाडी घेऊन गेला होता, आणि नवरा नसला की थोरलीची जीभ जास्तच मोकळी सुटायची. ही बया आज काय बोलेल, याचा माईला काही भरवसा वाटेना.

"आणि माई, तुम्ही तर..." जावई म्हणाला.

"मी काय? मी अडाणी बाई. मी गप्प बसेन."

माईच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवायला त्या खोलीत नवीन माणूस कुणीच नव्हतं.

*

कार्यालयातल्या बाई आल्या तेव्हा माईनं आधी त्यांची कॉलर पाहिली. माणूस ओळखायची तिची ती रीत होती. कॉलर घरी इस्त्री केलेली होती, घाईत, फक्त वरच्या बाजूनं. म्हणजे बाई एकटीच राबणारी आहे, आणि मान वळवून बघायला हिला वेळ नाही. माईला जरा बरं वाटलं. फार कडक कॉलरवाल्या माणसांचा तिला भरवसा नसे.

मागच्या खोलीत सगळे बसले. खिडकीबाहेर आवारात हॉटेलच्या चादरी वाळत होत्या, आणि त्यांचा पांढरा उजेड आत सगळ्यांच्या तोंडावर पडून सगळेच आजारी दिसत होते.

बाईंनी आधी धाकट्याला विचारलं. "या तुमच्या कोण?"

"ह्या माझ्या पत्नी आहेत," धाकटा म्हणाला. एवढं शुद्ध तो जन्मात बोलला नव्हता.

"घरी काय म्हणून हाक मारता?"

धाकट्यानं जावयाकडे पाहिलं. जावयानं छताकडे पाहिलं.

"घरी... पत्नीच म्हणतो."

बाईंनी काहीतरी लिहिलं. मग त्या माईकडे वळल्या. "आणि तुमचं कसं आहे यांच्याशी?"

माईनं पदर सारखा केला. ती मनात म्हणाली, आता बघ म्हणावं त्या तारखेला, अडाणी बाई कशी बोलते ते. "त्या आमच्याकडे आल्यापासून आम्हाला काही म्हणजे काही त्रास नाही. वेळेवर जातात, वेळेवर येतात. खोली स्वच्छ ठेवतात. कधी मोठ्यानं बोलणं नाही, की काही नाही."

जावयानं समाधानानं मान डोलावली.

"भाडं देतात का?" बाईंनी विचारलं.

माईला वाटलं, बाई थट्टा करताहेत. म्हणून ती हसली. बाई हसल्या नाहीत.

"अहो, भाडं कसलं, ह्या आमच्या सूनबाई," माई घाईघाईनं म्हणाली, आणि आणखी आदर घातला तर बिघडलेलं सुधारेल असं वाटून धाकटीकडे वळली. "अहो, तुम्ही चहा घ्या ना. आमच्याकडं संकोच करायचा नाही हं."

धाकटीनं कप उचलला. एरवी पोटात बाळ असताना तिला या घरात कसला संकोच नव्हता, की तापात चार दिवस माईच्या अंगावर रेलून बसताना नव्हता. आज मात्र पाहुणीसारखी पाठ ताठ करून खुर्चीच्या कडेला बसली होती. बाईंचं पेन कागदावर चाललं होतं आणि माई त्या पेनाकडे बघत होती. आपलं चुकतंय हे तिला कळत होतं. कुठं चुकतंय ते कळत नव्हतं. कांजी जास्त झाली की कपडा कसा उभाच्या उभा राहतो, माणसाच्या अंगाला लागत नाही, तसं सगळं घर उभं राहिलं होतं.

"वहिनींना देशाची सगळी माहिती आहे," जावयानं मध्येच तोंड घातलं. "घटना, कायदे, काहीही विचारा. कॉलेजात तेच शिकवतात."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "परीक्षेत त्यांना पैकीच्या पैकी मिळालेत. मलाही मिळाले नसते. पण उत्तरं पाठ करून येणारे खूप असतात. मी ते बघायला आलेच नाही." मग जरा विसावा म्हणून, सहज गप्पा मारल्यासारखं, त्यांनी माईला विचारलं, "आजी, तुम्हाला येतील का हो त्या परीक्षेतली उत्तरं? कायदा करणारी सभागृहं किती, वगैरे?"

बस. सुई बरोबर नको तिथं टोचली.

"मला कुठून येणार?" माई म्हणाली. "दुसरीत शाळा सुटली माझी. सभागृहं किती ते मला ठाऊक नाही, आत काय चालतं तेही ठाऊक नाही. मला कुणी कधी विचारलं नाही. आता मला एक सांगा बाई. हिला सगळं ठाऊक, तर हिला दारात उभी करून तपासता. मला काहीच ठाऊक नाही, तर मी आत मांडी घालून बसलेय. हा कुठला न्याय? शिकलेल्यांनाच द्या की सगळं! मतसुद्धा त्यांनीच द्यावं. मी तर दर वेळी ज्याचा चेहरा बरा असतो त्याला देते."

जावयाला ठसका लागला.

"माई, हे चूक आहे," धाकटी म्हणाली.

ती एवढ्या हळू म्हणाली, की माईनं ऐकलं नाही असं दाखवायला जागा होती. पण माईनं आयुष्यात अशी जागा कधी वापरली नव्हती.

"काय चूक आहे?"

"मत शिकलेल्यांनीच द्यावं, हे."

"तू मध्ये बोलू नकोस गं! तुझ्याच बाजूनं बोलतेय मी!"

जावयानं डोळे मिटले.

"माझ्या बाजूनं असलं तरी चूकच," धाकटीनं कप खाली ठेवला. "नागरिकत्व म्हणजे अभ्यासाचं बक्षीस नाही."

"मग काय आहे? आपला बॉयलर कोण बघतं? तुझा नवरा. का? त्याला कळतं म्हणून. मी तिथं हात घातला तर गल्लीसकट उडू सगळे. मग देश काय बॉयलरपेक्षा सोपा आहे?"

"बॉयलर चालवायचा कसा, ते त्यानं ठरवलं. ठेवायचा कुठं, ते कुणी ठरवलं? तुमच्या खोलीखाली ठेवणार होते ना?"

"ठेवून बघायचा होता! पहाटेच्या वेळी असा धडधडला असता, की मी आणि खाट दोघी नाचलो असतो."

"तुम्ही नाही म्हणालात. जागा बदलली. तेव्हा तुम्हाला बॉयलरमधलं काय कळत होतं?"

"झोपेतलं कळत होतं!"

"तेच म्हणते मी! ज्याचं जळतं त्याला कळतं. तुमचीच म्हण. मी वर्गात दरवर्षी सांगते."

"माझी म्हण वर्गात सांगतेस? मला न विचारता?" माई पुढं सरकून बसली. तिच्या आवाजाला आता नेहमीची धार आली होती; बाहेर इस्त्रीवाल्यानं हातातली इस्त्री बाजूला ठेवून दारापाशी कान लावला. "आणि सगळ्यांनाच जर आपापलं कळतं, तर तू कॉलेजात विकतेस काय? शिक्षण कशाला हवं मग?"

"मत द्यायची परवानगी मिळावी म्हणून शिक्षण नसतं, माई. ज्याला मत दिलं त्यानं पुढं टोपी घालू नये, म्हणून असतं."

"म्हणजे आम्ही अडाणी माणसं टोप्या घालून घेतो, असंच ना?"

"मी अडाणी म्हटलं नाही. तुम्हीच म्हणता. दिवसातून दहादा 'मी अडाणी बाई' म्हणता, आणि समोरचा 'छे छे, असं कसं' म्हणेपर्यंत वाट बघत थांबता."

माईचं तोंड उघडं ते उघडंच. या घरात लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे जवळजवळ जन्मापासूनच म्हणा ना, तिला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं.

आणि तेवढ्यात थोरली हसली. आधी नाकातून, मग पदर तोंडात कोंबून, मग उघड.

"बरोब्बर!" ती म्हणाली. "अगदी बरोब्बर! थांबतातच! इतकी वर्षं हे माझ्या ओठांवर आहे, पण बोलायची छाती झाली नाही. बोल गं तू, बोल!"

"तूसुद्धा?" माई म्हणाली. तिला आश्चर्य त्या टोमण्याचं नव्हतं. या दोघी एका बाजूला कधीपासून, याचं होतं. "वा! आपल्या घरात बसून, आपलाच चहा पिऊन, दोघी मिळून माझी शोभा करा! ही आली तेव्हाच मी या धाकट्याला म्हटलं होतं, दिसते गरीब, पण जीभ माझ्यापेक्षा हातभर लांब आहे. आणि आपल्याला हिच्याशीच जन्म काढायचाय. मी मेल्यावरसुद्धा ही माझ्या म्हणी वर्गात वापरणार आणि वर मलाच चूक ठरवणार..."

इथं तिला कार्यालयातल्या बाई आठवल्या.

त्या तिथंच होत्या. कागद मांडीवर, पेन बंद.

"बाई," जावई उठून उभा राहिला, "कृपया हे जे आत्ता झालं ते विचारात घेऊ नये. घरच्यांची मनःस्थिती बघता आपण पुढची तारीख..."

"बसा हो," बाई म्हणाल्या. मग माईकडे वळल्या. "चहा देताना तुम्ही यांना काय म्हणालात?"

"अहो म्हणाले."

"आणि आत्ता?"

"ते... रागात निघतं बाई. मनावर घेऊ नका. एरवी आम्ही..."

"रागात खरं तेच निघतं." बाईंच्या चेहऱ्यावरचा दिवसभराचा शीण जरा हलल्यासारखा झाला. "खोट्या घरांतनं मी खूप फिरले, आजी. तिथं भांडण मी एकदाही पाहिलं नाही. तिथं सगळे एकमेकांना बिस्किटं पुढं करत असतात. इथंही आल्यापासून तेच चाललं होतं, आणि मी मनात म्हटलं, अरेरे, आणखी एक." त्या थोरलीकडे वळल्या. "तुमचं आणि यांचं पटतं का?"

माईचा जीव पुन्हा टांगणीला लागला. वरच्या दोन खोल्या तिच्या डोळ्यांसमोर आल्या. थोरलीच्याही येत असणारच. थोरलीनं पदर खोचला, धाकटीकडे एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"अजिबात नाही," ती म्हणाली. "पाहुणी असती, तर पटवून घेतलं असतं."

बाई हसल्या. पहिल्यांदाच, आणि अशा हसल्या, की त्यांची ती अर्धवट कॉलर मानेवर उभी राहिली. "माझ्याकडून होकार जाईल," त्या उठत म्हणाल्या. "शपथेला कधी यायचं ते पोस्टानं कळेल. आणि आजी, मतं चेहरा बघून देत जाऊ नका हो."

"कॉलर बघून देईन," माई म्हणाली. तेवढीही हार तिला सोसणार नव्हती.

*

बाई गल्लीच्या वळणावर दिसेनाशा झाल्या, तेव्हा धाकटा मळक्या कपड्यांच्या गठ्ठ्यावरच बसला आणि नुसता श्वास घेत राहिला. इस्त्रीवाल्यानं आत डोकावून विचारलं, "झालं का?" आणि उत्तर न ऐकताच कामाला लागला, कारण उत्तर सगळ्यांच्या तोंडावर होतं. जावई म्हणाला, की हे सगळं अंदाज घेऊनच केलं होतं, आधी आदर दाखवायचा आणि मग मनं मोकळी होऊ द्यायची. थोरली त्याला म्हणाली, "वकीलसाहेब, चहा घ्या. आमच्याकडं संकोच करायचा नाही हं." मग जो हशा पिकला, त्यात जावईसुद्धा शेवटी हसला.

माई मात्र हसायला थांबली नाही. चादरी वाळल्या असतील, असं म्हणत ती आवारात गेली.

धाकटी आधीच तिथं होती. दोरीवरच्या चादरी काढत होती, आणि चादरीआड तिचे खांदे हलत होते. माईनं चादर बाजूला सारली.

"आता कशाला रडतेस? झालं ना?"

"झालं म्हणूनच."

"हे बरं आहे. नाही झालं तरी रडायचं, झालं तरी रडायचं."

धाकटीनं चादरीच्याच टोकानं डोळे पुसले. एरवी यावरून माईनं घर डोक्यावर घेतलं असतं, हॉटेलची चादर म्हणून. आज तिनं न पाहिल्यासारखं केलं.

"तुम्ही 'आमच्याकडे' म्हणालात ना," धाकटी म्हणाली, "तेव्हा मी घाबरले. बाईंना नाही. मला वाटलं, आत कुठंतरी तुम्हाला खरंच तसं वाटत असेल."

माईनं दोन्ही टोकं हातात घेतली आणि चादर झटकली. "तो तारखेचा शहाणपणा. मला म्हणाला आदर दाखव, मी दाखवला. आदर म्हणजे काय, चार हात लांब उभं करायचं माणसाला." तिनं चादरीची दुसरी टोकं धाकटीकडे फेकली. "धर नीट. नुसती काय उभी राहतेस?"

दोघी चादर ताणून उभ्या राहिल्या. एकदा लांबीत, मग रुंदीत. टोकाला टोक जुळवत एकमेकींजवळ यायचं आणि मागं जायचं. अशा कामात बोलायला तोंड मोकळं असतं, आणि एकमेकींच्या डोळ्यांत बघावं लागत नाही.

"बाळ शाळेतून आलं की सांग त्याला," माई म्हणाली. "आणि तुझ्या आईला फोन कर. तीही तिकडे जीव मुठीत धरून बसली असेल."

"करते."

"आता मत मिळणार तुला."

"हो. पुढच्या निवडणुकीला."

"कुणाला देणार?"

"ते गुप्त असतं, माई."

"बाहेरच्यांपासून गं. घरात कसलं गुप्त?"

"घरातच तर जास्त."

माईनं चादर अर्ध्यात थांबवली. "म्हणजे माझ्यापासून?"

"तुमच्यापासूनच."

माईनं तिच्याकडे बघितलं. डोळे अजून लाल होते, नाक पुसायचं राहिलं होतं, आणि हनुवटी मात्र वर. ही आता कुठं जात नाही, हे माईला त्या हनुवटीवरून कळलं. बाईंच्या होकारावरूनही एवढं नीट कळलं नव्हतं. छातीवरचा दगड खाली उतरला तसा तिनं मोठा उसासा टाकला, आणि तो रागाचा वाटावा याची काळजी घेतली.

"बरं," ती म्हणाली. "मग थोरलीलाही सांगायचं नाही. मला न सांगता तिला सांगितलंस, तर याद राख."

आणि तिनं दोरीवरची पुढची चादर ओढली.